आधी पिळा, मग मुरवा : सोयावड्यांचा तांबडा रस्सा

मटण सोडलेलं असो, कमी करायचं ठरवलेलं असो, किंवा श्रावणातही झणझणीत रस्सा खावासा वाटत असो, आज आपण सोयावड्यांचा तांबडा रस्सा करणार आहोत. मी शेजारी उभी आहे असं समजा आणि एकेक पायरी माझ्याबरोबर करा. पुढची पायरी आधी आणि आधीची मागाहून असं मात्र करू नका. या पदार्थात सगळा खेळ क्रमाचा आहे.

‘सोयावड्या रबरासारख्या लागतात’, ‘त्यांना उग्र वास येतो’, ‘आत मसाला शिरतच नाही’ या तीन तक्रारी मी घरोघरी ऐकते. या तिन्हींवर उपाय एकच, वडी रश्श्यात जाण्याआधी नीट पिळून, मसाल्यात मुरवून आणि परतून घ्यायची. मी पहिल्यांदा केलं तेव्हा कोरड्या वड्या थेट उकळत्या रश्श्यात टाकल्या होत्या. अर्धा रस्सा वड्यांनी पिऊन टाकला आणि तरी त्या पोटात कोरड्याच राहिल्या. तुमचं तसं होऊ देणार नाही.

चार माणसांना पोटभर होईल. पहिल्या वेळी दोन तास हाताशी ठेवा.

काय काय लागेल

वड्यांसाठी : मोठ्या सोयावड्या १२५ ग्रॅम, मीठ, घट्ट दही ३ मोठे चमचे. दूधदुभतंही खायचं नसेल तर दह्याऐवजी नारळाचं घट्ट दूध ३ मोठे चमचे आणि अर्ध्या लिंबाचा रस.

हिरव्या वाटणासाठी : लसणाच्या १२ पाकळ्या, दीड इंच आलं, मूठभर कोथिंबीर, २ हिरव्या मिरच्या.

अळणी पाण्यासाठी : अख्खा मसूर पाव वाटी, हळद.

भाजलेल्या वाटणासाठी : किसलेलं सुकं खोबरं अर्धी वाटी, २ मोठे कांदे उभे चिरून, तीळ १ मोठा चमचा, खसखस २ चमचे, धणे २ चमचे, ५ लवंगा, ८ मिरी, १ इंच दालचिनी, १ मसाला वेलची, चिमूटभर दगडफूल.

रश्श्यासाठी : तेल, १ कांदा बारीक चिरून, कांदा-लसूण मसाला ३ मोठे चमचे (कोल्हापूरकडे यालाच चटणी म्हणतात), वरून कोथिंबीर.

चमचा म्हणजे चहाचा चमचा. मोठा चमचा म्हणजे त्याच्या तिप्पट.

घरात कुणाला सोयाबीनची ॲलर्जी असेल तर हा रस्सा त्यांच्यासाठी नाही. शेवटी कोवळ्या फणसाची कृती दिली आहे, ती बघा.

वड्या उकळणं आणि पिळणं

१. वड्यांची पिशवी उघडून वास घ्या. पिठासारखा कोरडा वास हवा. जुन्या तेलासारखा खवट वास आला तर दुसरी पिशवी आणा. खवटपणा कुठल्याच मसाल्याने झाकत नाही.

२. १२५ ग्रॅम वड्या मोजून काढा. अंदाजाने ओतू नका, भिजल्यावर त्या वजनाने जवळजवळ तिप्पट होतात.

३. मोठ्या पातेल्यात २ लिटर पाणी उकळायला ठेवा. पातेलं लहान असेल तर वड्या एकमेकींवर चढतात आणि वरच्या कोरड्या राहतात.

४. पाण्यात १ मोठा चमचा मीठ घाला. कमी वाटलं तरी वाढवू नका, पुढे तीनदा मीठ येणार आहे.

५. पाणी खळखळ उकळलं की वड्या सोडा. त्याआधी नाही. गार पाण्यापासून उकळलेल्या वड्या बाहेरून लगदा होतात.

६. झाकण न ठेवता ८ मिनिटं उकळा. पांढरा फेस वर येईल. तो उतू जाऊन गॅस विझू शकतो, म्हणून आच मध्यम ठेवा आणि पातेल्याजवळच थांबा.

७. मधून मधून झाऱ्याने वड्या पाण्यात दाबा. त्या तरंगतात आणि वरची बाजू तशीच राहून जाते.

८. एक वडी काढून मधोमध कापा. आत सगळीकडे सारखा रंग दिसायला हवा. मध्ये फिकट, कोरडा ठिपका असेल तर आणखी २ मिनिटं उकळा.

९. वड्या मोठ्या चाळणीत ओता आणि ते पाणी टाकून द्या. काटकसर म्हणून रश्श्यात वापरू नका. ज्या वासाला लोक नाकं मुरडतात तो त्या पाण्यातच आहे.

१०. चाळणीतल्या वड्यांवर गार पाणी ओता आणि ५ मिनिटं थांबा. वरून गार लागल्या तरी पोटातलं पाणी उकळतं असतं. घाईने पिळलंत तर हात भाजेल.

११. मावतील तेवढ्या वड्या दोन्ही तळहातांमध्ये धरा आणि दाबा. कपडे पिळतो तसा पीळ देऊ नका, वड्या फाटतील. मोदकाची उकड दाबतो तसा सपाट, सावकाश दाब द्या. पिवळसर, फेसाळ पाणी बोटांमधून निघेल.

१२. पिळलेल्या वड्या स्वच्छ गार पाण्यात टाका. स्पंजासारख्या पुन्हा फुगतील. फुगू द्या, आत नवं पाणी जायलाच हवं.

१३. पुन्हा तशाच पिळा. या वेळी पाणी कमी गढूळ दिसेल.

१४. तिसऱ्यांदा नव्या पाण्यात टाकून पिळा. आता पाणी जवळपास नितळ हवं. नसेल तर चौथी खेप करा, कंटाळा करू नका.

१५. शेवटी एकेक वडी वेगळी घेऊन पिळा. हीच या सगळ्या कृतीतली सगळ्यात मोलाची पायरी. वडी दोन बोटांत दाबून बघा, थेंबही यायला नको. आत पाणी राहिलं तर मसाल्याला शिरायला जागा उरत नाही, आणि मग ‘आत चवच नाही’ म्हणायची पाळी येते.

१६. मोठ्या वड्यांचे दोन तुकडे करा. त्याहून लहान नको, रश्श्यात चावायला काही उरणार नाही.

मुरवण

१७. लसूण, आलं, कोथिंबीर आणि मिरच्या मिक्सरमध्ये वाटा. पाणी लागलंच तर एक चमचा. पातळ वाटण वड्यांना धरत नाही, खाली ओघळतं.

१८. या हिरव्या वाटणाचे दोन भाग करा. एक भाग झाकून बाजूला ठेवा, तो रश्श्यासाठी आहे. सगळं वड्यांना लावून टाकलंत तर रस्सा फिका पडेल.

१९. दुसऱ्या भागात दही, अर्धा चमचा हळद, १ मोठा चमचा कांदा-लसूण मसाला आणि अर्धा चमचा मीठ कालवा. दही पातळ असेल तर आधी फडक्यात बांधून पाणी काढा.

२०. वड्या यात टाकून हाताने चोळा. चमच्याने नाही. मसाला वडीत दाबायचा आहे, नुसता माखायचा नाही. दोन मिनिटं चोळल्यावर भांड्याच्या तळाशी मसाला जवळजवळ शिल्लक राहत नाही, वड्या तो ओढून घेतात.

२१. झाकून ३० मिनिटं ठेवा. रात्रीच करून ठेवत असाल तर फ्रिजमध्ये, बाहेर नको.

आता वड्या मुरतायत. तोवर बाकीची कामं उरकू.

अळणी पाणी

मटणाच्या रश्श्याला जाडी येते ती मटण शिजवलेल्या अळणी पाण्याने. आपण ते मसुराचं करणार आहोत. सांगली-कऱ्हाडकडचा अख्खा मसूर खाल्ला असेल तर त्या पाण्याला किती अंग असतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

२२. पाव वाटी अख्खा मसूर तीन पाण्यांनी धुवा. बारीक खडे असतात, बोटं फिरवून बघा.

२३. कुकरमध्ये मसूर, १ लिटर पाणी आणि पाव चमचा हळद घाला. मीठ नको, अळणी म्हणजे अळणीच.

२४. मध्यम आचेवर ४ शिट्ट्या करा. कुकर अर्ध्याच्या वर भरला असेल तर शिट्टीतून पाणी उडेल, मोठा कुकर घ्या.

२५. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढलीत तर मसूर आणि पाणी दोन्ही ओट्यावर येतील.

२६. चाळणीतून गाळा आणि गाळताना पळीने मसूर दोन-तीनदा हलकेच दाबा. थोडा गर पाण्यात उतरायला हवा. सगळा मसूर घोटून घातलात तर मात्र रश्श्याची आमटी होईल. उरलेला मसूर उद्याच्या उसळीला ठेवा.

२७. हे पाणी बारीक गॅसवर गरम ठेवा. गार झालं तर पुढे अडचण येणार आहे, ती ४४ व्या पायरीला सांगते.

भाजलेलं वाटण

२८. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर धणे, लवंगा, मिरी, दालचिनी, मसाला वेलची आणि दगडफूल कोरडंच भाजा. वास सुटला की लगेच ताटलीत काढा. कढईतच ठेवलंत तर गॅस बंद केल्यावरही जळतं.

२९. त्याच कढईत तीळ भाजा. तडतडून उडू लागले की झालं, चेहरा जरा लांब ठेवा.

३०. तीळ काढून खसखस टाका. तिला जेमतेम अर्धं मिनिट पुरतं.

३१. आता खोबरं भाजा. हात थांबवू नका. आधी काहीच होत नाही असं वाटतं आणि मग एका क्षणात तांबूस होतं. आपल्याला बदामी-तपकिरी रंग हवा. काळं पडलं तर ते टाकून द्या आणि नवं खोबरं भाजा. करपलेलं खोबरं अख्खा रस्सा कडू करतं, नुकसान अर्ध्या वाटीवरच थांबलेलं बरं.

३२. कढईत १ मोठा चमचा तेल घालून उभा चिरलेला कांदा टाका.

३३. १० ते १२ मिनिटं परता. गुलाबी झाला म्हणून थांबू नका, कडा चांगल्या तपकिरी व्हायला हव्यात. रश्श्याचा रंग मसाल्याइतकाच या कांद्यातून येतो.

३४. सगळं पूर्ण गार होऊ द्या. गरम वाटण मिक्सरमध्ये घातलं तर वाफेने झाकण उडतं.

३५. आधी कोरडा मसाला, तीळ, खसखस आणि खोबरं एवढंच फिरवा. कांदा आत्ताच घातलात तर लवंगा-मिरी आख्ख्या राहतात.

३६. मग कांदा आणि थोडं पाणी घालून गंधासारखं वाटा. चिमटीत घासून बघा. खसखशीचे कण टोचले तर आणखी फिरवा. भांडं धुतलेलं पाणी टाकू नका, ते रश्श्यात जाईल.

वड्या परतणं

३७. लोखंडी कढई किंवा जाड तवा चांगला तापवून २ मोठे चमचे तेल घाला. तवा अर्धवट तापलेला असेल तर दही चिकटतं आणि वडीचं साल निघतं.

३८. निम्म्याच वड्या एका थरात मांडा. सगळ्या एकदम टाकल्यात तर पाणी सुटेल आणि परतण्याऐवजी शिजतील.

३९. २ मिनिटं हात लावू नका. मला माहीत आहे, उलथनं हातात असलं की राहवत नाही. तरीही नको. चुरचुर आवाज बदलून कोरडा झाला की खालची बाजू झाली.

४०. उलटून आणखी ३ मिनिटं परता. कडांना तपकिरी, किंचित खरखरीत पापुद्रा यायला हवा. रश्श्यात दाताखाली जो चिवट-मऊ घास लागतो तो इथे तयार होतो.

४१. वड्या काढा आणि उरलेल्या अशाच परता. कढईच्या तळाला चिकटलेला मसाला खरवडून ठेवा, धुवू नका. काळा झाला असेल तरच काढून टाका.

रस्सा

४२. त्याच कढईत ४ मोठे चमचे तेल तापवून बारीक चिरलेला कांदा सोनेरी होईपर्यंत परता. तेल बघून हात आखडू नका. मटणाची चरबी सुटून तर्री येते, वडीत चरबी नाही. तर्री हवी तर तेल आपल्यालाच घालावं लागेल.

४३. बाजूला ठेवलेलं हिरवं वाटण घालून एक मिनिट परता, लसणाचा कच्चा वास गेला की गॅस अगदी बारीक करा आणि उरलेले २ मोठे चमचे कांदा-लसूण मसाला घाला. दहा सेकंद हलवून लगेच डावभर गरम अळणी पाणी शिंपडा. मसाला तेलात जळला तर लाल रंग जाऊन मातकट होतो.

४४. आता भाजलेलं वाटण घालून ७-८ मिनिटं परता. कडेने तेल सुटेपर्यंत थांबायचं. मग गरम अळणी पाणी एकेक डाव घालत हलवा. पाणी गारच असेल तर आधी उकळून घ्या. गार पाण्याने सुटलेलं तेल पुन्हा वाटणात दबतं आणि तर्री वर येत नाही.

४५. मिक्सरचं भांडं धुतलेलं पाणी घालून रश्श्याला एक उकळी आणा. या वेळी तो तुम्हाला हवा त्याहून थोडा पातळ दिसला पाहिजे. वड्या अजून पिणार आहेत.

४६. एक चमचा मीठ घाला. वड्यांत आणि कांदा-लसूण मसाल्यात मीठ आहे, शेवटची चव शेवटीच बघू.

४७. परतलेल्या वड्या सोडा.

४८. अर्धवट झाकण ठेवून मंद आचेवर १२ मिनिटं शिजवा. मटणाच्या सवयीने कुकर लावू नका. वड्या शिजलेल्याच आहेत, कुकरमध्ये त्या लिबलिबीत होतात.

४९. गॅस बंद करून पूर्ण झाकण ठेवा आणि २० मिनिटं तसंच राहू द्या. घरभर वास सुटलेला असतो, मुलं ताटं घेऊन बसलेली असतात, तरी झाकण उचलू नका. या वीस मिनिटांत रस्सा वडीत उतरतो. हवं तर तोवर भाकऱ्या थापा.

५०. आता चव बघून मीठ घाला. एक वडी मोडून आतूनही चव बघा, नुसता रस्सा चाखून ठरवू नका.

५१. कोथिंबीर पेरा. वाटीत वाढताना आधी वड्या, मग रस्सा, आणि सगळ्यात शेवटी वरची तर्री डावाने अलगद घाला. ज्वारीची भाकरी, कांदा, लिंबाची फोड.

रस्सा फार दाट झाला असेल तर उकळतं पाणी घाला आणि पुन्हा एक उकळी काढा. तिखटाचा हात जास्त पडला असेल तर दोन चमचे नारळाचं दूध चालेल, साखर नको. दुसऱ्या दिवशी पातेल्यात रस्सा जवळजवळ दिसणारच नाही, सगळा वड्यांनी ओढलेला असतो. घाबरू नका. वाटीभर गरम पाणी आणि चिमूटभर मीठ घालून उकळा. मला तर हा दुसऱ्या दिवशीचाच जास्त आवडतो.

घरातल्या मटणप्रेमींना पहिल्यांदा वाढताना ‘अगदी मटणासारखं झालंय’ असं म्हणून वाढू नका. तसं म्हटलं की प्रत्येक घासाची तुलना सुरू होते. सोयावड्यांचा रस्सा म्हणून वाढा. माझे मोठे दीर पहिल्यांदा जेवले तेव्हा काही बोलले नाहीत, फक्त वाटी पुढे केली. आणि सोयाची सवय नसेल त्यांना पहिल्या दिवशी चार-पाच तुकडेच वाढा, पोट जड होऊ शकतं.

वेळ नसेल त्या दिवशी : सोया खिमा-पाव

यासाठी वड्या नाहीत, सोयाचा बारीक चुरा घ्या. दुकानात सोया ग्रॅन्युल्स म्हणून मागा. १०० ग्रॅम चुरा आणि ८ पाव चौघांना पुरतात.

१. अर्धा लिटर पाणी एक चमचा मीठ घालून उकळा आणि गॅस बंद करा. चुरा उकळायचा नाही, त्याची पेज होते.

२. चुरा पाण्यात टाकून १० मिनिटं झाकून ठेवा.

३. चाळणीत सुती फडकं पसरून त्यावर ओता. नुसत्या चाळणीतून निम्मा चुरा मोरीत जाईल.

४. वरून नळाचं गार पाणी सोडा, बोटांनी ढवळत.

५. फडक्याची पुरचुंडी करून पिळा. इथे मात्र पीळ द्यायचा, जोर लावून.

६. कोरड्या, गरम कढईत तेल न घालता ५ मिनिटं परता. दाणे सुटे सुटे होऊन कढईत खुळखुळायला लागले की काढा. ही पायरी वगळलीत तर खिम्याचे गोळे होतात.

७. ३ मोठे चमचे तेलात एक तमालपत्र आणि २ बारीक चिरलेले कांदे तपकिरी करा. खिम्याला गुलाबी कांदा चालत नाही.

८. १ मोठा चमचा आलं-लसूण वाटण घालून एक मिनिट परता.

९. २ टोमॅटो चिरून घाला आणि तेल सुटेपर्यंत घोटा. टोमॅटो कच्चा राहिला तर खिमा आंबट लागतो.

१०. अर्धा चमचा हळद, २ चमचे लाल तिखट, १ चमचा धणेपूड, १ चमचा गरम मसाला घाला. लागलीच चमचाभर पाणी, करपायला नको.

११. परतलेला चुरा घालून ३ मिनिटं मसाल्यात घोळवा. पाणी अजून नाही. आधी मसाला पिऊ द्या.

१२. अर्धी वाटी मटार, १ वाटी गरम पाणी आणि अर्धा चमचा मीठ घालून झाकून १० मिनिटं शिजवा.

१३. झाकण काढून पाणी आटवा. पाव बुडवायचा नाही, भरून खायचा आहे.

१४. पुदिना, कोथिंबीर, लिंबू घाला आणि तेलावर शेकलेल्या पावाबरोबर गरमच वाढा.

बाजारात मिळणारा तयार गोठवलेला वनस्पतीजन्य खिमा आणलात तर पहिल्या सहा पायऱ्या सोडून द्या, तो धुवायचा आणि पिळायचा नसतो. पाकिटावर गोठलेलाच टाका असं लिहिलं असेल तर वितळवत बसू नका. त्यात मीठ आधीच असतं, म्हणून बाराव्या पायरीतलं मीठ चाखून मगच घाला. घटकांची यादीही वाचा. काहींत गहू असतो, काहींत दूध, आणि हिरवा ठिपका दिसला म्हणजे दूध नाही असं समजू नका.

सोया नको असेल तर : कोवळा फणस

उन्हाळ्याच्या तोंडी कोकणातून कोवळे फणस येतात, आतली आठळी अजून न धरलेले. तोच घ्या. रेषा सुटून अगदी चिरलेल्या मांसासारखा दिसतो. प्रथिनं मात्र त्यात सोयाच्या मानाने फारच कमी, म्हणून बरोबर डाळ किंवा उसळ असू द्या.

१. ओट्यावर वर्तमानपत्र पसरा. चीक ओट्याला लागला की सहजी निघत नाही.

२. हाताला आणि विळीच्या पात्याला गोडेतेल चोळा. विसरलात तर बोटं चिकटतील आणि साबणाने सुटणार नाहीत, तेलानेच सुटतील.

३. फणसाच्या आडव्या चकत्या करा आणि निघालेला चीक कागदाने टिपून घ्या.

४. काटेरी साल जाडसर काढा. हिरवा भाग राहिला तर घशाशी खवखवतं.

५. मधला दांडा कठीण असेल तर कापून टाका.

६. दोन इंचांचे तुकडे करून हळद घातलेल्या पाण्यात टाका, नाहीतर काळे पडतात.

७. कुकरमध्ये चमचाभर मीठ आणि तुकडे बुडतील इतकं पाणी घालून २ शिट्ट्या करा. तिसरी नको, भरीत होईल.

८. निथळून गार करा आणि हलक्या हाताने दाबून पाणी काढा. सोयावडीसारखा जोर लावू नका.

९. वरच्या रश्श्याच्या १७ व्या पायरीपासून पुढे जा, वड्यांच्या जागी फणसाचे तुकडे धरून. पण ४८ व्या पायरीला १२ ऐवजी ८ मिनिटंच शिजवा आणि डावाने ढवळू नका. कढईचे दोन्ही कान फडक्याने धरून गोल हलवा, म्हणजे तुकडे अखंड राहतील.